जुनी पद्मिनी उघडली की आत काय काय सापडतं? आणि त्याचा अर्थ कसा लावायचा?

जुनी गाडी दुरुस्तीसाठी पूर्ण उघडली की तिच्यातून दोन प्रकारच्या गोष्टी बाहेर येतात. काही चुकून राहिलेल्या असतात: नाणी, पास, हेअरपिना, उंदराची घरटी. काही मुद्दाम ठेवलेल्या असतात: लांबीखाली दडवलेला गंज, वॉशरच्या जागी बसवलेलं नाणं, फ्यूजला गुंडाळलेली चांदी. पहिल्या प्रकारातून गाडीचा इतिहास कळतो. दुसऱ्या प्रकारातून ती रस्त्यावर आणण्यालायक आहे की नाही ते कळतं.

गेल्या वर्षी मी काशिमीऱ्याच्या एका गॅरेजमध्ये वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी उघडून घेतली. तीन महिने सुट्टीच्या दिवशी मिस्त्रींच्या शेजारी उभा राहून प्रत्येक पार्टचा फोटो काढला. त्या अनुभवावरून आणि या गाड्यांच्या रचनेवरून हा लेख लिहिलाय. तुमच्याकडे पद्मिनी नसून अ‍ॅम्बॅसॅडर किंवा जुनी जीप असेल, तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी गाडीची ओळख

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. सुरुवातीला तिथे क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ अशा गाड्या जोडल्या जायच्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० आपल्या रस्त्यांवर दिसू लागली. पुढचा भाग डुकराच्या नाकाडासारखा दिसतो म्हणून मुंबईकरांनी त्या जुन्या मॉडेलला ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले होते.

१९६४ मध्ये ११००डी आली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी बँकेचं कर्ज काढून घेतलेली फियाट त्याच सालची. फियाटशी करार संपल्यावर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्यापिवळ्या पद्मिनी अधिकृतपणे बंद झाल्या.

या लेखापुरत्या दोन तांत्रिक गोष्टी लक्षात ठेवा:

- इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं.
- गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. बॉडीचा पत्राच पेट्यांसारखा वळवून सगळं वजन पेलतो. म्हणजे दाराखालची पेटी, जिला सिल म्हणतात, ती शोभेची नाही. तो गाडीचा कणा आहे.

उघडण्याआधीची तयारी

- बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा.
- प्रत्येक पार्ट काढण्याआधी, काढताना आणि काढल्यावर असे तीन फोटो घ्या.
- नटबोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत घाला, चिठ्ठीवर जागा लिहा. ‘डावं पुढचं दार, खालची बिजागरी’ इतकं नेमकं.
- सीटखालचा आणि कार्पेटखालचा कचरा झाडून टाकू नका. वेगळ्या पिशवीत भरून त्यावरही जागा लिहा.
- हातमोजे घाला. कारण पुढे येईलच.

शेवटून दुसरा मुद्दा बहुतेक गॅरेजमध्ये कुणी पाळत नाही. मिस्त्री म्हणाले, ‘साहेब, कचऱ्याचे पण फोटो?’ पण त्या कचऱ्यावरूनच आमच्या घरातला एक जुना गैरसमज मिटला.

थर वाचायचे कसे?

पुरातत्त्ववाले खोदकामात वापरतात ते दोन नियम इथेही चालतात.

नियम पहिला: तारीख असलेली वस्तू एखाद्या बंद जागेत सापडली, तर ती जागा त्या तारखेनंतर बंद झाली. लक्षात घ्या, ‘नंतर’ म्हणजे कितीही नंतर. १९८१ चा पेपर कुणीही १९९५ मध्ये वापरू शकतो.

नियम दुसरा: वरचा थर खालच्यापेक्षा नवा. रंगाचा एखादा थर न तुटता सलग पुढे गेला असेल, तर त्याच्याखालची दुरुस्ती त्या रंगाच्या आधीची.

पहिल्या नियमाने कामाची सुरुवातीची मर्यादा मिळते, दुसऱ्याने शेवटची. दोन्ही मिळून काम कधी झालं ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

सीट आणि कार्पेटखाली: चुकून राहिलेल्या वस्तू

पद्मिनीची मागची सीट उचलली की खाली खोलगट पत्रा असतो. पाठीच्या फटीतून जे पडतं ते तिथे जमतं. आमच्या गाडीत सापडलं ते असं: ५ पैशांची चौकोनी आणि १० पैशांची कंगोऱ्यांची नाणी, दोन हेअरपिना, कंपासपेटीतला कर्कटक, सुपारीचे तुकडे आणि वडिलांचा भाईंदर ते चर्चगेट मासिक पास, साल १९८७.

नाण्यांबद्दल थोडं. सालाच्या खाली छोटी चौकट किंवा हिऱ्यासारखी खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत. ठेवायला काहीच हरकत नाही, पण अशा साध्या नाण्यांना कुणी लाखो रुपये देतो या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

नोटांचं मात्र वेगळं आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला बाद झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा सापडल्या, तर २०१७ च्या कायद्यानुसार एकूण दहापर्यंत नोटा जवळ ठेवता येतात. अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्यापेक्षा जास्त ठेवल्या तर १०,००० रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यातला जो जास्त असेल तो दंड होऊ शकतो.

पत्र्याच्या आत: सगळ्यात महत्त्वाचा शोध

मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरं. हवेत मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल ओढून धरतं. त्यामुळे पाऊस नसतानाही पत्र्याच्या आतल्या बाजूला ओलाव्याचा पातळ थर राहतो. लोखंड, पाणी, ऑक्सिजन आणि मीठ एकत्र आले की गंजायचा वेग वाढतो. म्हणून इथल्या गाड्या बाहेरून चकचकीत आणि आतून पोकळ असू शकतात.

तपासायच्या तीन सोप्या पद्धती:

१. लोहचुंबक: पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. पत्र्याला चिकटेल, जाड लांबीला नाही.

२. टिचकी: स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने हलकेच ठोका. चांगला पत्रा टणटणतो, लांबी भरलेला बदबद वाजतो.

३. पाणी जायची भोकं: दाराच्या आणि सिलच्या खालच्या बाजूला छोटी भोकं असतात. ती बुजलेली असतील तर आत वर्षानुवर्षं पाणी साचलंय असं समजा.

आमच्या गाडीला जॅक लावण्याआधी मिस्त्रींनी डाव्या सिलवर टिचकी मारली आणि जॅक बाजूला ठेवला. मग पुढच्या सस्पेन्शनच्या मजबूत भागाखाली तो लावला. सिलवरची लांबी खरवडल्यावर आतून वर्तमानपत्राचे ओले गोळे निघाले. मागे दोन फूट पत्राच नव्हता. पेपरच्या गोळ्यांवर जाळी, जाळीवर लांबी, लांबीवर रंग. बाहेरून बघितलं तर सरळ, सुबक सिल.

हे नुसतं फसवं नाही, धोक्याचं आहे. कागद पाणी धरून ठेवतो, त्यामुळे उरलेला पत्राही आतून सडतो. शिवाय अशा सिलवर जॅक लावला तर गाडी खाली बसू शकते, आणि तेव्हा खाली माणूस असेल तर काय होईल ते सांगायला नको. बाजूने धडक बसली तरी आतल्या माणसाला त्या पेटीचा आधार मिळत नाही.

आता गैरसमजाबद्दल. वडिलांनी ही गाडी १९८४ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतली. १९९५ मध्ये त्यांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडून तिला रंग काढून घेतला. दोन पावसाळ्यांत डाव्या सिलवर रंगाचे फुगे आले. ‘आत नुसती लांबी थापली, माझ्या पैशावर’ असं म्हणत वडिलांनी त्या मिस्त्रींशी बोलणंच टाकलं. दोघांची वीस वर्षांची ओळख होती.

सिलमधला पेपर १९८१ चा निघाला. पहिल्या नियमाप्रमाणे एवढ्यावरून काहीच ठरत नाही, १९९५ मध्येही कुणी जुनी रद्दी वापरली असेल. म्हणून आम्ही रंगाचे थर बघितले. ओल्या पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा हळूहळू घासली की थर गोल गोल कड्यांसारखे दिसतात. चांगल्या पत्र्यावर खालून वर असे होते: कंपनीचा क्रीम, प्रायमर, करडा, परत प्रायमर, थोडा उजळ करडा. लांबीच्या जागी क्रीम नव्हता, पण त्यावरचे दोन्ही करडे थर सलग, न तुटता गेले होते. आरसी बुकात क्रीमचा करडा केल्याची नोंद १९८३ ची आहे. म्हणजे लांबी १९८१ ते १९८३ च्या मधली. वडिलांनी गाडी घेण्याआधीची.

१९९५ च्या मिस्त्रींनी त्यांना सांगितला होता तेवढाच रंग दिला होता. मी वडिलांना फोटो दाखवून थर मोजून दाखवले. ते बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘त्याचा मुलगा भाईंदर पश्चिमेला दुकान चालवायचा. नंबर मिळतो का बघ.’

रंगाच्या थरांवरून आणखी एक गोष्ट कळते. छताच्या रंगाखाली पिवळा आणि बाकी बॉडीवर काळा निघाला, तर ती गाडी कधीतरी टॅक्सी होती. पुढच्या डाव्या बाजूला बुजवलेली भोकं दिसली तर खात्रीच. मुंबईच्या टॅक्सींचा जुना यांत्रिक मीटर बाहेर, डावीकडे बसवलेला असायचा. डिकीच्या तळाला चार जाड बोल्टांच्या खुणा असतील तर तिथे सीएनजीची टाकी बसवलेली असण्याची शक्यता जास्त. अशी गाडी घेताना टॅक्सीची खासगी केल्याची नोंद कागदावर आहे का ते बघा.

सिल कापण्याआधी

सडलेली सिल थेट कापली की बॉडी वाकते आणि नंतर दारं लागत नाहीत. म्हणून आधी दारांच्या फटी वर, मध्ये, खाली मोजून लिहून ठेवा. मग दाराच्या चौकटीत तात्पुरते लोखंडी अँगल वेल्ड करून घ्या. गाडी तिच्या वजनावर सपाट उभी करा. एका वेळी एकच बाजू कापा. नवी पेटी बंद करण्याआधी आतून प्रायमर मारा आणि बंद झाल्यावर भोकांतून गंजरोधक मेण फवारा. खालची भोकं मोकळी ठेवा.

इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये

गायब थर्मोस्टॅट. आमच्या इंजिनात थर्मोस्टॅटची जागा रिकामी होती. हे खूप गाड्यांत दिसतं. थर्मोस्टॅट म्हणजे तापमानावर चालणारी झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते, पाणी रेडिएटरकडे जात नाही, इंजिन लवकर गरम होतं. साधारण ८० अंशांच्या आसपास ती उघडते. कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलं की क्षार साचून झडप अडकायची, गाडी तापायची, आणि मिस्त्री ती काढून टाकायचे. गाडी तापणं थांबतं, पण इंजिन बराच वेळ गार चालतं. गार सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोल नीट वाफ न होता थेंबांनी बसतं, ऑइलचा थर धुतं आणि रिंगा झिजतात. नवा थर्मोस्टॅट आणि चांगला कूलंट एकत्रच घाला. बिडाचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड यांच्यात साधं पाणी असलं की अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. कूलंटमधली रसायनं ते रोखतात.

पिस्टनवरचा आकडा. पिस्टनच्या माथ्यावर ०.४० असा आकडा कोरलेला असेल तर सिलिंडर एकदा घासून ६८.४० मिमीचे केलेत. आकडा जितका मोठा तितकी पुढच्या वेळी घासायला जागा कमी. ती संपली की स्लीव्ह घालावी लागते. म्हणून इंजिन बांधायचा खर्च ठरवण्याआधी हा आकडा बघून घ्या.

वॉशरच्या जागी नाणं. डायनॅमोच्या ब्रॅकेटखाली ५ पैशांचं भोक पाडलेलं नाणं होतं. त्या वेळी जुगाड म्हणून ठीक होतं. पण ते नाणं अ‍ॅल्युमिनियमचं, दोन्ही बाजूंना लोखंड आणि हवेत मीठ. दोन वेगळे धातू ओल्या मिठाच्या संपर्कात आले की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. नाण्याची अर्धी पांढरी भुकटी झाली होती, त्यामुळे ब्रॅकेट सैल, बेल्ट वाकडा. गाडी चालू केली की होणारी ती किंचाळी आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. ती या नाण्याची होती.

गिअरबॉक्समधला भुसा. झिजलेल्या गिअरचा आवाज दाबायला ऑइलमध्ये लाकडाचा बारीक भुसा घालायची जुनी युक्ती आहे, विशेषतः गाडी विकण्याआधी. भुसा दातांमध्ये गादीसारखा बसतो, आवाज कमी होतो, पण बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाही. ड्रेन प्लग उघडल्यावर ऑइल चाळणीतून गाळा. कणीदार लगदा राहिला तर गिअरबॉक्स उघडायलाच हवा. आमच्यात सुदैवाने फक्त लोखंडी चुरा होता.

पेट्रोलच्या नळ्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९७८ चं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. ते मऊ पडतं, फुगतं किंवा चिरतं. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे टाकी आतून गंजते. नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची वॉशरं इथेनॉलला टिकणारी घ्या. नळी बाहेरून चांगली दिसते म्हणून ठेवू नका.

वायरिंग: फ्यूजला गुंडाळलेली चांदी

पद्मिनीचा फ्यूज म्हणजे छोट्या दांडीवर बसवलेली धातूची पट्टी. फ्यूज वारंवार उडायला लागला की त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची, ही पद्धत सगळीकडे होती. आमच्या फ्यूजबॉक्समध्ये तीन जागी ती निघाली.

फ्यूज हा सर्किटमधला मुद्दाम ठेवलेला कमकुवत दुवा आहे. आठ अँपिअरचा फ्यूज म्हणजे त्यापेक्षा बराच जास्त प्रवाह गेला की तो वितळणार आणि वायर वाचणार. चांदी गुंडाळली की फ्यूज वितळत नाही, मग वितळते ती वायर, डॅशबोर्डच्या मागे, काथ्या आणि कापडाच्या शेजारी. आमच्या हेडलाइटच्या वायरचं आवरण सहा इंच जळून कडक झालेलं होतं. चांदी दिसली की फ्यूज बदलून थांबू नका. तो उडत का होता ते शोधा. बहुतेक वेळा वायर एखाद्या पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडलेली असते.

सजीव पाहुणे

एअर फिल्टरच्या डब्यात आणि सीटच्या काथ्यात उंदरांची घरटी मिळणं नेहमीचंच. डॅशबोर्डमागे कुंभारणीची मातीची घरं मिळतात. आपल्याकडे एक बाजू थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. उघड्यावर वर्षानुवर्षं उभ्या गाडीत उंदीर असतील, तर त्यांच्या मागे साप येणं स्वाभाविक आहे. आम्हाला डिकीत फक्त कात मिळाली.

- साप दिसला तर हात लावू नका, मारू नका. वन विभागाची हेल्पलाइन १९२६.
- उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. घरटं कोरडं झाडू नका. जंतुनाशक फवारा, ओलं झाल्यावर हातमोजे घालून उचला. हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या.

न दिसणारे धोके

त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि सायलेन्सरकडच्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असायचं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, फुफ्फुसात गेले की बाहेर येत नाहीत, आणि आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. ब्रेक ड्रम काढल्यावर हवेचा पाइप मारून धूळ उडवायची सवय आपल्या गॅरेजमध्ये आहे. ती मोडायलाच हवी. ड्रम काढताना पाणी फवारा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद करा, तोंडाला किमान एन९५ मास्क लावा. आमच्याकडे काम करणारा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. मास्कचं खोकं मी पहिल्याच दिवशी नेऊन ठेवलं आणि मिस्त्रींना विनंती केली की त्याच्या हातात हवेचा पाइप देऊ नका.

दुसरा धोका शिशाचा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. पेट्रोलमधलं शिसं देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, पण त्याआधी चाललेल्या इंजिनच्या हेडवर आणि सायलेन्सरमध्ये त्याचे थर राहतात. रंग आणि कार्बन दोन्ही ओले करूनच घासा. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाचा ग्लास उचलू नका.

नंबर जुळतात का?

गाडी उघडल्यावर इंजिन नंबर आणि चॅसी नंबर आरसीशी ताडून बघायची चांगली संधी असते. नंबरावर ग्रीस आणि रंग असतो. रॉकेलचं फडकं आणि मऊ ब्रश वापरा. ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश लावला तर कोरलेले आकडेच जातील आणि पुढे तुमच्यावरच संशय येईल. आमच्या इंजिनावर ३ वाटणारा आकडा साफ केल्यावर ८ निघाला आणि सगळं जुळलं.

- इंजिन नंबर वेगळा असेल: कधीतरी इंजिन बदललंय आणि नोंद झालेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल १४ दिवसांत आरटीओला कळवायचा असतो. जुनी बिलं शोधा, आरटीओत जाऊन रीतसर अर्ज करा.
- चॅसी नंबर घासलेला, परत कोरलेला किंवा वेल्ड केलेला दिसला: काम थांबवा, फोटो काढा, पोलिसांना आणि आरटीओला कळवा. चोरीची गाडी असू शकते.

यात पैशांचाही प्रश्न आहे. १५ जुलै २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. त्यात नवी नोंदणी २०,००० रुपयांची, दहा वर्षांसाठी. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्तीसाठी. आमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. म्हणून सिल मूळ आकाराचीच बनवली आणि जुन्या सिलचे, मापांचे, नव्या कामाचे सगळे फोटो व बिलं एका फाइलमध्ये ठेवली. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवायचा मोहही टाळला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सापडलेली वस्तू कुणाची?
गाडी विकत घेतली म्हणून आधीच्या मालकाची विसरलेली अंगठी आपोआप तुमची होत नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७१ प्रमाणे वस्तू सापडणाऱ्यावर ती सांभाळायची जबाबदारी असते. मालक शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करा. आरसीवर आधीच्या मालकाचं नाव असतंच. गॅरेजवाल्यांनीही सापडलेलं सगळं गाडीमालकाला दाखवावं.

काडतूस, हत्यार असं काही सापडलं तर?
हात लावू नका, हलवू नका, ११२ वर फोन करा.

सगळं स्वच्छ करून नवंकोरं करावं का?
घाई करू नका. २०१४ मध्ये फ्रान्सच्या एका शेतावर बायों कुटुंबाच्या साठ-एक जुन्या गाड्या सापडल्या. त्यातली एक फेरारी मासिकांच्या गठ्ठ्यांखाली होती. लिलाववाल्यांनी धूळसुद्धा न पुसता गाड्या मांडल्या आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ती फेरारी दीड कोटी युरोंहून जास्त किमतीला गेली. आपली पद्मिनी फेरारी नाही, पण मूळ कापड, मूळ काच, कारखान्याची चिठ्ठी एकदा फेकली की परत मिळत नाही. सुरक्षेला धोका असेल ते बदला, बाकीचं आधी जपून ठेवा.

काय ठेवावं, काय टाकावं?
- लगेच काढा: फ्यूजवरची चांदी, लांबीखालचा सडका पत्रा, जुन्या पेट्रोलच्या नळ्या, जुनं ब्रेक लायनिंग.
- बदला, पण जुनं जपा: डायनॅमो, कार्बोरेटर, मीटर, सीटचं कापड.
- तसंच ठेवा: कंपनीच्या पट्ट्या, काचेवरच्या खुणा, शाबूत असलेला मूळ रंग.

इतकं सापडल्यावर गाडी दुरुस्त करावी की सोडून द्यावी?
इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग यांचा खर्च ठरवता येतो आणि पार्ट मिळतात. निर्णय बॉडीवर असतो. दोन्ही सिल, फ्लोअर आणि सस्पेन्शन जिथे बसतं ते भाग असं सगळंच सडलं असेल, तर जवळपास नवी बॉडी बांधावी लागते आणि तेव्हा थांबणं शहाणपणाचं. एक सिल आणि फ्लोअरचा काही भाग इतकंच असेल तर चांगला डेंटर ते काम करू शकतो. आमचं दुसऱ्या प्रकारात बसलं. गाडी आता फिटनेसची तपासणी पास झाली आहे आणि वडील रविवारी सकाळी ती उत्तनपर्यंत नेतात. परत आल्यावर मात्र ती गोड्या पाण्याने खालून धुवायची, हा नियम त्यांनी स्वतःच केलाय. समुद्राकाठी फिरणाऱ्या प्रत्येक गाडीला तो लागू आहे, जुनी असो वा नवी.